लेझरचा धूर मोजणार कोण?

मुंबई, प्रतिनिधी

शाळांची स्नेहसंमेलने, लग्नसराई, गणेशोत्सव आणि दिवाळीत कंपन्यांकडून वाटल्या जाणाऱ्या भेटवस्तू, असे वर्षाचे चार हंगाम सांभाळणारा एक छोटा व्यवसाय राज्यातील शहरांमध्ये आता चांगलाच स्थिरावला आहे. स्मृतिचिन्हावर विजेत्याचे नाव, दारावरची पाटी, कीचेन, पाकीट, डायरी, पेन, मोबाइलचे कव्हर, ग्राहक आणून देईल त्या वस्तूवर लेझरने नाव कोरून दिले जाते. पितळी पाटीवर हाताने अक्षरे खोदणाऱ्या कारागिराला ज्या कामाला अर्धा दिवस लागे, ते आता संगणकावर नाव टंकल्यानंतर काही मिनिटांत होते. यंत्र टेबलावर मावते, घरगुती विजेवर चालते आणि ते चालवायला शिकण्यासाठी फार दिवस लागत नाहीत. अक्षर सुबक उठते. मात्र अक्षराच्या जागी आधी जे प्लास्टिक होते ते गेले कुठे, हा प्रश्न काउंटरच्या या बाजूला कोणी विचारत नाही आणि त्या बाजूलाही क्वचितच विचारला जातो.

ते हवेत गेलेले असते. लेझरचे कोरीवकाम म्हणजे प्रत्यक्षात नेमक्या जागी, नेमक्या खोलीपर्यंत केलेले ज्वलन आणि विघटन आहे. या दुकानांतील बहुतेक मोठी यंत्रे कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीवर चालतात. त्यातून निघणारा किरण अवरक्त असतो. त्याची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर असते आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जवळजवळ सगळी प्लास्टिके हा किरण शोषून घेतात. किरण पडलेल्या बारीक ठिपक्याचे तापमान क्षणार्धात शेकडो अंशांवर जाते, प्लास्टिकच्या लांबलचक रेणुसाखळ्या तुटतात आणि त्यांचे तुकडे वायू, वाफ व अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतात. हे तुकडे कोणते असतील, हे ठरते ते यंत्रात ठेवलेल्या वस्तूवरून. यंत्र तेच, चालवणारा तोच, दुकान तेच. पण सकाळी कापलेली शीट आणि दुपारी कोरलेले पाकीट यांच्या धुरात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

या साऱ्यात सर्वांत धोकादायक आणि तरीही सर्वत्र आढळणारे नाव म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, वाटा क्लोरिनचा असतो. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे ते तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. ‘पीव्हीसी जाळले की क्लोरिन वायू निघतो’, असे या व्यवसायात सर्रास बोलले जाते. ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने तितकेसे अचूक नाही. प्रामुख्याने निघतो तो हायड्रोजन क्लोराइड. पण या दुरुस्तीने दिलासा मिळण्यासारखे काही नाही. हाच वायू ओलाव्यात मिसळला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, आणि माणसाचे डोळे, नाक, घसा व श्वासनलिका यांत ओलावा असतोच. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांनुसार कामाच्या ठिकाणी या वायूचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत पाच भागांच्या वर एक क्षणभरही जाता कामा नये. हेच प्रमाण पन्नास भागांवर गेले, तर ते जिवाला तत्काळ धोका मानले जाते. मोठ्या कारखान्याच्या उंच छपराखाली आणि दहा बाय बाराच्या गाळ्यात एकाच वजनाचे पीव्हीसी जळले, तर हवेतील प्रमाण किती वेगळे असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

यंत्रालाही हा धूर सोसत नाही. पीव्हीसीचे काम करणाऱ्या यंत्राच्या लोखंडी पट्ट्यांवर आणि स्क्रूंवर गंज चढतो, आरसे व भिंग खराब होतात आणि मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ही प्रक्रिया अधिकच वेगाने होते. अनेक दुकानदारांनी पीव्हीसी घेणे बंद केले असेल, तर त्यामागे बऱ्याचदा महागडी भिंग बदलण्याचा खर्च आहे. यंत्राची झीज बिलात दिसते. फुप्फुसाची झीज दिसायला वर्षे जातात.

नाव एक, वस्तू दुसरी

खरी अडचण अशी की पीव्हीसी दुकानात येते ते स्वतःच्या नावाने येतच नाही. ‘लेदरच्या’ डायऱ्या, पाकिटे, पट्टे आणि कीचेन यांतील पुष्कळ माल हा रेक्झिनचा, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर चढवलेला असतो. तो थर पीव्हीसीचा असू शकतो किंवा पॉलियुरेथेनचा. ग्राहकाला ते ठाऊक नसते, घाऊक बाजारातून डझनावर माल उचलणाऱ्या दुकानदारालाही नसते आणि पाकिटाच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर तर ‘जेन्युइन’ या शब्दापलीकडे काही छापलेलेही नसते. जाहिरात फलकांसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या फोमशीटांची गोष्ट तीच. त्यांतील बऱ्याच शीट फुगवलेल्या पीव्हीसीच्या असतात. दुकानाच्या काचेवरचे विनाइल म्हणजेही पीव्हीसी, ओळखपत्राचे कडक कार्डही बहुधा पीव्हीसी. एका वस्तूची बाजारात चार नावे आणि चार वस्तूंचे एकच नाव, अशी ही गंमत आहे.

थर पॉलियुरेथेनचा निघाला तर सुटलो, असेही नाही. पॉलियुरेथेन तापल्यावर आयसोसायनेट गटातील द्रव्ये निघू शकतात. भोपाळमध्ये १९८४ साली गळती झालेला मिथाइल आयसोसायनेट हा याच रासायनिक कुळातला. अर्थात एका पाकिटाच्या कोरीवकामाची भोपाळशी तुलना करणे हास्यास्पद ठरेल; ना द्रव्य तेच, ना प्रमाण. परंतु आयसोसायनेटचा उपद्रव समजून घेण्यासाठी भोपाळपर्यंत जाण्याचे कारणच नाही. कामाच्या ठिकाणी जडणाऱ्या दम्याच्या ज्ञात कारणांत हा गट फार वरच्या स्थानावर आहे, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प प्रमाणही त्रास देण्यास पुरेसे ठरते.

नावाच्या पाट्यांसाठी वापरली जाणारी दुरंगी शीट अनेकदा एबीएसची असते. वरचा रंग जाळला की खालचा रंग अक्षर होऊन दिसतो. एबीएस हे नावच ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन या तीन द्रव्यांच्या आद्याक्षरांचे बनले आहे. तापवल्यावर त्यातून स्टायरीनची वाफ निघते आणि हायड्रोजन सायनाइडही निघू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला २०१८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले, तर ॲक्रिलोनायट्राइलला २०२४ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घेतले. ब्युटाडाईन त्या गटात आधीपासूनच आहे. विशाखापट्टणममध्ये ७ मे २०२० च्या पहाटे एका कारखान्यातून जो वायू गळला आणि ज्याने बारा जणांचा बळी घेतला, तो स्टायरीनच होता. त्या दिवसापुरते हे नाव घरोघरी पोहोचले होते. पाट्या बनवणाऱ्या गाळ्यांत ते रोज थोडे थोडे हवेत मिसळत असते, पण तिथे बातमी होण्याजोगे काही घडत नाही.

ॲक्रिलिकची बाजू त्या मानाने उजवी. लेझरखाली ते मोठ्या प्रमाणात आपल्या मूळ घटकात, मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये, परतते. म्हणूनच त्याची कड काचेसारखी स्वच्छ कापली जाते आणि म्हणूनच हा व्यवसाय ॲक्रिलिकवर उभा आहे. दुकानाबाहेरून जाताना नाकाला झोंबणारा जो गोडसर, फळासारखा वास येतो तो याच वाफेचा. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्यांना हा वास चांगला परिचयाचा असतो. ही वाफ डोळे आणि घशाला त्रास देते, काहींच्या त्वचेला तिची ॲलर्जी होते. मात्र धूर नीट बाहेर काढला तर ॲक्रिलिकचे काम सुरक्षितपणे करता येते. त्याचा दुसरा दोष म्हणजे ते चटकन पेट घेते. यंत्र चालू ठेवून चहाला जाणे या व्यवसायात परवडणारे नाही, ते याचसाठी.

वासावर भरवसा ठेवण्याची सवय मात्र घातक आहे. ॲक्रिलिकचा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो, त्यामुळे जेथे धोका कमी तेथे नाक मोठ्याने ओरडते. हायड्रोजन सायनाइडचा वास मात्र अनेकांना जन्मतःच येत नाही. शिवाय रोज तोच वास घेणाऱ्या नाकाला तो काही दिवसांनी जाणवेनासा होतो. ‘आता सवय झाली’ हे वाक्य या गाळ्यांत समाधानाने उच्चारले जाते. ते समाधानाचे कारण मुळीच नाही.

पंखा लावला की झाले?

यंत्रासोबत एक छोटा पंखा आणि हातभर लांबीची घडीची नळी येते. ही नळी मागच्या खिडकीतून बाहेर काढली की बंदोबस्त झाला, असे बहुतेकांना वाटते. हवा बाहेर जाते हे खरे, पण ती जाते कुठे? मुंबई-पुण्यातील जुन्या इमारतींत तळमजल्यावर गाळे आणि वर बिऱ्हाडे, अशी रचना सर्रास आहे. मागची खिडकी बहुधा चौकात उघडते, आणि त्याच चौकात वरच्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या असतात. पावसाळ्यात पाणी आत येते म्हणून नळी काढून खिडकी लावून घेतली जाते. गणपतीच्या मखरांचे काम असते नेमके याच दिवसांत. राज्याने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणल्यानंतर लाकडी भुशाच्या एमडीएफ पाट्यांची कापीव मखरे बाजारात मोठ्या संख्येने आली. एमडीएफ प्लास्टिक नाही हे खरे, परंतु ते ज्या राळेने चिकटवलेले असते तिच्यातून फॉर्माल्डिहाइड निघते. पर्यावरणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मखराचा धूर पर्यावरणपूरक असतोच असे नाही.

करोनाच्या साथीनंतर एन-९५ मुखपट्टी घराघरांत आहे आणि ती लावली की काम सुरक्षित झाले, अशीही समजूत आहे. ही मुखपट्टी कण अडवते, वायू अडवत नाही. हायड्रोजन क्लोराइड तिच्यातून बिनदिक्कत आत जातो. धूर गाळणाऱ्या पेट्या बाजारात मिळतात. त्यातील दाट गाळणी कण पकडते आणि सक्रिय कोळसा वाफा शोषतो. पण कोळशाचीही क्षमता संपते. त्यानंतर पेटी नुसता आवाज करते. आम्लधर्मी वायूसाठी तर साधा कोळसा फारसा उपयोगाचा नाही, त्यावर वेगळी रासायनिक प्रक्रिया केलेला लागतो. त्यामुळे पीव्हीसीच्या बाबतीत उत्तम गाळणी कोणती याची चर्चा करण्यात अर्थ नाही. लहान दुकानात ते लेझरखाली ठेवूच नये. मोठ्या कारखान्यांतून पीव्हीसीच्या वायर आणि पाइपांवर लेझरने खुणा केल्या जातात, हे उदाहरण काही जण पुढे करतात. तेथे बंदिस्त यंत्रणा असते, उथळ खूण करण्यापुरताच किरण वापरला जातो आणि वायू ओढून घेण्याची सोय त्या कामासाठीच बांधलेली असते. गाळ्यातल्या यंत्राला तो दाखला लागू पडत नाही.

कायदा कुणाला मोजतो?

हे सारे नियमांच्या कक्षेत नाही का, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर शोधताना कायद्याची एक जुनी सवय आड येते. आपले औद्योगिक सुरक्षेचे कायदे आधी माणसे मोजतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असले तरच तो कारखाना ठरत असे. भोपाळनंतर १९८७ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि हवेत कोणते रसायन किती असावे याची अनुसूचीही जोडली गेली. त्या कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगारांवर गेली आहे. रसायनांच्या मर्यादा ठरवण्याचे काम राज्य सरकारांकडे सोपवले आहे, पण त्या मर्यादा असतील ‘कारखान्यातील’ हवेसाठी. मालक, त्याचा भाऊ आणि दोन पोरे, एवढ्यांवर चालणारा लेझरचा गाळा या गणतीत बसतच नाही.

याच गाळ्यांचा धंदा वाढण्यास सरकारचाच एक निर्णय कारण ठरावा, हा योगायोग लक्षणीय आहे. राज्याने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांवर मराठीत, देवनागरी लिपीत पाट्या बंधनकारक केल्या. २०१७ च्या मूळ कायद्यातील बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या होत्या. पाट्यांच्या बाबतीत मात्र ही अट मुद्दाम काढून टाकण्यात आली आणि एकट्याने चालवलेले दुकानही नियमाच्या कक्षेत आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत ॲक्रिलिकची अक्षरे कापणाऱ्यांना उसंत मिळाली नसेल, हे उघड आहे. मराठी पाटीचा आग्रह योग्यच आहे. पण ज्या सरकारला पाटीवरचे अक्षर किती मोठे आहे हे पाहण्यासाठी दहाची अट ओलांडता येते, त्याला ते अक्षर कापणाऱ्याच्या नाकापुढची हवा पाहण्यासाठी ती ओलांडता येत नाही, असे म्हणता येणार नाही.

नव्या संहितेतही तशी वाट ठेवलेली आहे. जिवाला धोका असलेले किंवा घातक स्वरूपाचे काम चालते अशा ठिकाणी एकच कर्मचारी असला तरी संहितेच्या तरतुदी लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. त्यासाठी कामाचा तो प्रकार अधिसूचित व्हावा लागतो. प्लास्टिकवरील लेझर काम सरसकट त्या यादीत टाकण्याची मागणी अतिरेकी ठरेल. ॲक्रिलिकची कीचेन कापणाऱ्यामागे निरीक्षक लावल्याने हप्त्यांची एक नवी खिडकी उघडण्यापलीकडे काही साधणार नाही. क्लोरिनयुक्त प्लास्टिकवरील लेझर कामापुरती अधिसूचना काढणे आणि शीट विकणाऱ्याने तुकडा कापून देतानाही त्यावर प्लास्टिकचा प्रकार लिहून देणे, एवढ्याने बरेच भागेल. औषधाची पट्टी कापून देणाऱ्या दुकानदाराकडून नाव आणि तारखेची अपेक्षा करतो, तितकीच ही अपेक्षा साधी आहे.

कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगे बरेच आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली. आता जगभर पसरलेल्या अशा प्रयोगशाळांत लेझर यंत्राशेजारी निषिद्ध पदार्थांची यादी लावण्याचा प्रघात आहे आणि तिच्यात पीव्हीसीचे नाव हमखास असते. आपल्या गाळ्यांत त्या जागी लिंबू-मिरची असते. तिला हरकत नाही, शेजारी यादीही असावी. संशयास्पद वस्तू ओळखण्याची जुनी रासायनिक चाचणीही सोपी आहे. तांब्याची जाड तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, ज्योतीला रंग राहिला नाही की ती वस्तूच्या कोपऱ्याला टेकवायची आणि तार पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन आहे असे समजावे आणि वस्तू परत करावी. चाचणी उघड्यावर, कणभर तुकड्यावरच करावी, कारण तिचाही धूर विषारीच. टेफ्लॉनमधील फ्लोरिन मात्र या चाचणीत सापडत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. धुराची नळी छपराच्या वर न्यावी, शक्यतो पंखा नळीच्या बाहेरच्या टोकाला बसवावा, म्हणजे वाटेत फट असली तरी धूर खोलीत न येता बाहेर ओढला जातो. काम संपल्यावर झाकण लगेच न उघडता पंखा काही वेळ चालू ठेवावा.

आता तर ही यंत्रे दुकानांपुरती राहिलेली नाहीत. निळ्या किरणाची छोटी डायोड यंत्रे मध्यम प्रतीच्या मोबाइलच्या किमतीत घरपोच मिळतात आणि शयनगृहाच्या टेबलावर चालतात. त्यांना बहुधा झाकणही नसते. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर अशा यंत्राखाली काय जाते याची चौकशी घरातील इतरांनीच करायला हवी.

राहता राहिले डॉक्टर. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात असा आग्रह धरला होता, की रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस’ हेही विचारावे. गर्दीच्या दवाखान्यात आज हा प्रश्न हमखास राहून जातो. कोरडा खोकला, छातीत घरघर, डोळ्यांची जळजळ घेऊन आलेल्या पंचविशीतल्या तरुणाला ‘प्रदूषण फार आहे’ असे सांगून औषध लिहून दिले जाते. त्याचा खोकला सोमवारपासून शनिवारपर्यंत वाढत जातो का आणि सुटीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर कमी होतो का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. कामाशी निगडित दम्याची ती ठळक खूण आहे. लवकर ओळखून संपर्क टाळला तर यातले अनेक रुग्ण सुधारतात. उशीर झाला तर गाळा सोडल्यावरही दमा सोबत राहतो.